देव न मानता आळंदी ते पंढरपूर

आमच्या घरात देव्हारा नव्हता. अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 साली सुरू झाली, तेव्हापासून वडील तिच्या कामात. आम्हा भावंडांच्या सुट्ट्या शिबिरांत जायच्या: नारळातून आग कशी काढतात, लिंबातून रक्त कसं आणतात. त्यातूनच रसायनशास्त्राची गोडी लागली आणि आता साताऱ्यात तेच अकरावी-बारावीला शिकवते. देव मी मानत नाही. मात्र लोणंदला मावशी राहायची, त्यामुळे माउलींची पालखी लहानपणापासून रस्त्याच्या कडेनं पाहत आले. एवढी माणसं सुमारे अडीचशे किलोमीटर कशासाठी चालतात, या प्रश्नाला आमच्या घरी एका शब्दात उत्तर मिळायचं: अज्ञान. ते उत्तर मला काही वर्षांपासून पुरेनासं झालं होतं.

सहकारी शिक्षकांच्या ओळखीनं परभणीकडच्या एका दिंडीत जागा मिळाली. फोनवर दिंडीप्रमुखांना आधीच सांगितलं, "महाराज, मी देव मानत नाही. माळ घालणार नाही." ते म्हणाले, "पहाटे तीनला उठणं होईल का? आणि भाकरी थापता येते का?" दोन्हीला हो म्हटलं. भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याचा वाटा, भरली; नाव वहीत चढलं.

दिवस पहिला: आळंदी

ज्येष्ठ वद्य अष्टमी, प्रस्थानाचा दिवस. ज्ञानेश्वरांनी 1296 साली जिथं समाधी घेतली, तिथून त्यांच्या पादुका संध्याकाळी बाहेर पडतात. मंदिरात मोजक्याच दिंड्यांना प्रवेश, बाकी सगळा समाज रस्त्यावर आणि घाटावर. इंद्रायणीच्या पाण्यावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगत होते. वरच्या बाजूनं येणारं कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी, साबणासारखी रसायनं, दुसरं काय असणार. आमच्या राहुटीतल्या आक्का, सत्तरीच्या, तीर्थ म्हणून ओंजळ भरायला वाकल्या. मी हात धरला आणि फेस कशाचा ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी सोडून दिलं, पदराचं टोक भिजवून डोळ्यांना लावलं. मग नदीकडं बघत म्हणाल्या, "माय आजारी हाय म्हन की."

त्याच घाटावर एक म्हातारे बाबा समोर आले, "माउली" म्हणाले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी दचकून दोन पावलं मागं सरले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस! आक्का रागावल्या. "मागं कामून सरतीस? तू बी वाक की. पाया पडनाऱ्याच्या पाया पडायचं असतंय." बाबा तोवर गर्दीत गेले होते. रात्रभर ते मनातून गेलं नाही.

दिवस दुसरा: पुणे

तीसेक किलोमीटर, पैकी निम्मं डांबर आणि उड्डाणपूल. दिंडीतलं चालणं एकट्याच्या चालण्यासारखं नसतं, हे पहिल्या तासातच कळलं. पुढं पताकावाले, मग टाळकरी, मधोमध मृदंग आणि वीणा, मागं तुळशी आणि हंडे घेतलेल्या बाया. ओळ मोडायची नाही, दुसऱ्या दिंडीतून आडवं जायचं नाही. आपली ढांग कितीही मोठी असो, टाळाच्या ठेक्यापुढं पाऊल टाकता येत नाही. सह्याद्रीत मी भरपूर भटकलेय, भरभर चालायची सवय. दुपारपर्यंत या संथपणानं पोटऱ्या भरून आल्या. विश्रांतवाडीपासून पुढं दोन्ही कडांना पुणेकर केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा जवळच नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. आमची दिंडी एका शाळेत उतरली.

दिवस तिसरा: पुण्यातच

विश्रांतीचा दिवस. बायका कपडे धुवायला बसल्या, मी एकटीच चालत ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गेले. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे या पुलाला. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी इथंच समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घातल्या. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती. पुलावर नेहमीची रहदारी होती. कठड्याला टेकून पाच-दहा वारकरी केळी खात उभे होते. त्यातल्या एकानं मला एक केळं दिलं. ते सोलायलाही मला बराच वेळ लागला.

परतताना वडिलांचा फोन आला. पुलावर गेले होते, म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "पायांचं कसं आहे? पाणी उकळून पितेस ना?" पुढं रोज हेच दोन प्रश्न.

दिवस चौथा: दिवे घाट

सगळ्यांत लांबची मजल आणि नेमकी एकादशी. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडं, माउली सासवडकडं. उन्हात बत्तीस किलोमीटर, पोटात भगर आणि शेंगदाणे. उपवास मी कधी केला नव्हता, पण दिंडीची चूल एकादशीला धान्य शिजवत नाही आणि माझ्यासाठी वेगळं काही मागणं मला बरं वाटलं नाही.

वडकी ओलांडली की घाट सुरू होतो. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चार-साडेचार किलोमीटरचा चढ, खाली मस्तानी तलाव, आणि वळणावळणानं वर सरकणारी माणसं, पांढऱ्या टोप्या, लाल-हिरवी लुगडी, भगव्या पताका. मध्येच पावसाची सर आली. सगळ्यांनी एकदम प्लास्टिकचे कागद पांघरले आणि घाटाचा रंगच पालटला. माझ्या डाव्या टाचेचा फोड इथं फुटला. बसायला जागा शोधत होते तर कडेला एक तरुण मुलगा गरम पाण्याची बादली आणि मलम घेऊन बसलेला. ओळख ना पाळख, त्यानं माझा पाय मांडीवर घेतला, धुतला, पट्टी बांधली आणि मग त्याच पायावर डोकं टेकवलं. या वेळी मी मागं सरले नाही. वाकले आणि त्याच्या पायांना हात लावला. तो ओशाळून हसला, पुढच्या पायाकडं वळला.

मी कुणापुढं वाकले, हा विचार चढ संपेपर्यंत चालू होता. आमच्या घरी पाया पडायची पद्धत नव्हती. लहानानं मोठ्यापुढं, बाईनं पुरुषापुढं, भक्तानं बुवापुढं वाकायचं, म्हणून वडिलांनी ती बंद केलेली. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. इथं मात्र वाकणं दोन्हीकडून होतं. सत्तरीचे बाबा माझ्यापुढं, मी त्या पोरापुढं, पोरगा सगळ्यांपुढं. यात वरचा कोण आणि खालचा कोण, ते मला लावता येईना.

दिवस पाचवा ते सातवा: सासवड, जेजुरी, वाल्हे

सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी. आम्ही तिथं दोन रात्री होतो, त्यातली दीड मी झोपून काढली. जेजुरीत शिरताना भंडाऱ्यानं पालखी पिवळी होते. विठोबाच्या वाटेवर खंडोबाचा मान कुणाला खटकत नाही. आमच्या मृदंगवाल्यांचं कुलदैवत तोच, ते धावत गड चढून आले आणि तासाभरात पुन्हा ठेक्याला उभे.

वाल्ह्याला जे पाहिलं ते मला फार आवडलं. संध्याकाळी तळावर पालखी टेकली की समाज आरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार दंड उंचावून पुकारा करतात आणि क्षणात सगळं थांबतं. कान बधिर व्हावेत अशी शांतता. पण ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ थांबवायचे नाहीत. त्या दिवशी आमचा पाण्याचा टँकर तळाबाहेरच अडकवून ठेवला होता, दीडशे माणसं दुपारपासून पाण्याविना. त्या प्रचंड शांततेत आमचे वीसच टाळ वाजत राहिले. चोपदार चालत आले, ऐकून घेतलं, तळाच्या व्यवस्थेला तिथल्या तिथं सांगितलं. तेव्हा आमचे टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी पुकारली: एक चष्मा, दोन पिशव्या, एक टाळ, आणि परत केलेले काही पैसे. त्यानंतर आरती. तक्रार ऐकल्याशिवाय आरती सुरू होत नाही. तासाभरात टँकर आला.

ही सगळी शिस्त हैबतबाबांची. आमच्या साताऱ्याजवळच्या आरफळचे ते, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी माउलींचा हा सोहळा आजच्या रूपात बांधला. तंबू, मजला, ओळी, घोडे या सगळ्यात फौजेतल्या माणसाची नजर दिसते.

दिवस आठवा, नववा: नीरा, लोणंद

नीरेच्या दत्तघाटावर पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात येते. मावशी आता नाही. तिच्या घरासमोरून चालताना मी ओळीतून मान वळवून पाहिलं, ओट्यावर अनोळखी मुलं लाह्या वाटत होती.

लोणंदचा दुसरा मुक्काम चांगला गेला नाही. आमच्या राहुटीत आक्कांची नात होती, सतरा वर्षांची. रोज अर्धी मजल तुळस तिच्या डोक्यावर असायची. सकाळी तिला पाळी आली. टँकरमागं, अंधारात, कनातीचं एक फडकं धरून अंघोळ उरकायची तिथं अशा गोष्टी लपत नाहीत. एक काकू म्हणाल्या, "तुळशीला शिवू देऊ नका तिला. पंगतीत पण वेगळी बसव." पोरगी कोपऱ्यात जाऊन बसली.

मला राग आवरला नाही. म्हटलं, रक्त आणि विटाळ यांचा काही संबंध नाही, ही शरीराची क्रिया आहे. काकू म्हणाल्या, "तुमचं शाळेत सांगा." तेव्हा म्हटलं, शाळेचं राहू द्या, तुमच्या सोयराबाईंचं घ्या. चोखोबांच्या बायकोनं सातशे वर्षांपूर्वी अभंगातून विचारलंय, की देह तर विटाळातूनच घडतो, मग सोवळा कोण? कुणी काही बोललं नाही. मृदंगवाल्यांनी मान खाली घातली. आक्कांनी तुळस उचलून दुसऱ्या एका बाईकडं दिली, मग नातीचा हात धरून पंगतीत आपल्या शेजारी बसवली आणि स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून तिला दिली. अर्धंच झालं, असं मला वाटलं, आणि रात्री मी आक्कांशी बोलले नाही. सगळे सारखे असं दिवसभर गायचं आणि रात्री एका मुलीला बाजूला बसवायचं, हे मला सहन होत नव्हतं.

दिवस दहावा, अकरावा: तरडगाव, फलटण

लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण झालं, म्हणजे दिंड्यांच्या ओळींमधून माउलींचे घोडे धावले. गर्दीत मला घोड्याचे फक्त कान दिसले.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर दुपारचा विसावा संपवून उठलो, तशी आक्का नातीपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि तुळशीचं वृंदावन तिच्या डोक्यावर ठेवलं. काकूंनी पाहिलं. "मान दुखती माझी," एवढंच आक्का म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी बोटांवर मोजलं. तिसराच दिवस होता, त्यांच्या हिशेबात पोरगी अजून बाजूला बसायला हवी होती. मी पुढं होऊन आक्कांच्या शेजारची जागा घेतली. दोघीही त्याविषयी बोललो नाही, ना तेव्हा ना नंतर.

दिवस बारावा ते पंधरावा: बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर

धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. पावसानं पाठ फिरवली, रस्ता तापलेला. या दिवसांत दिवसांची नावं मागं पडतात. तीनला उठणं, चुलीपाशी शंभर भाकऱ्यांतल्या आपल्या वाटच्या थापणं, राहुटी गुंडाळून ट्रकवर टाकणं, वारांचे अभंग, दुपारी हरिपाठ, संध्याकाळी पुन्हा खुंट्या ठोकणं. मी अभंग म्हणत होते का? पहिल्या आठवड्यात नाही. मग ओठ हलू लागले, कारण ठेक्यात चालायचं तर श्वासही त्याच मापात घ्यावा लागतो, आणि म्हटल्यानं तो आपोआप लागतो. शब्दांतल्या देवावर माझा विश्वास बसला नाही. पण नामदेव, चोखोबा, जनाबाई, तुकोबा या माणसांवरचा जडला. शिंपी, महार, दासी, वाणी. या लोकांनी आपली भाषा घडवली, आणि ती शिकवायला माझ्या पुढं चालत होती अक्षर न ओळखणारी आक्का, जिला शेकडो अभंग पाठ.

नातेपुत्याहून माळशिरसला जाताना सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. आधी पताकावाले धावले, मग तुळशी-हंडेवाल्या बाया, मग वीणेकरी, टाळकरी. आमच्या दिंडीनं हाक मारली तशी मीही धावले, त्या काळ्या मातीत, ठणकणाऱ्या टाचेनं. चाळीशी उलटलेल्या बाईनं भर मैदानात हजारो माणसांसमोर इतकं मोकळं धावायचं, हे मी कॉलेजनंतर केलेलं नव्हतं. माझ्या पुढं एक आजी नऊवारी खोचून, तोंडभर हसत धावत होती. मग घोडे सुटले. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे दरवर्षी येतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. त्यावर माउली बसतात अशी श्रद्धा. मोकळ्या पाठीचा तो घोडा वाऱ्यासारखा गेला आणि मैदान उसळलं. टापांखालची माती उचलायला एकच झुंबड. आक्कांनी चिमूटभर पदराला बांधली. विचारलं, काय करणार? म्हणाल्या, "रानात टाकते. पेरणीच्या टायमाला." मोसंबीची बाग गेली तेव्हापासून टाकतात. घोड्याच्या टापेनं पीक येत नाही हे मला माहीत आहे. पाऊस, विहिरीचं पाणी, कर्जाचा हप्ता यांतलं काहीच हाती नसलेल्या बाईला चिमूटभर माती सांभाळून न्यावीशी का वाटते, तेही आता थोडं कळतं. त्या मातीविषयी मी काही बोलले नाही.

दिवस सोळावा, सतरावा: भंडीशेगाव, वाखरी

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, पैठणहून एकनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, देहूहून तुकोबा. डोळे पोचतील तिथवर राहुट्या. हे पाहून हरखले, आणि कडेचा कचरा पाहून वाईटही वाटलं. पत्रावळ्या, बाटल्या, फाटके कागद. फिरती शौचालयं आली आहेत, पण रांगा मोठ्या आणि बाया अजून अंधाराची वाट पाहतात. नात आणि मी पोतं घेऊन आमच्या तळाभोवतीचं जमेल तेवढं उचललं. काकूही आल्या. तीन पोती भरली.

दिवस अठरावा: पंढरपूर

शेवटची सहा-सात किलोमीटर दिवसभर पुरली. एवढी माणसं, की पाऊल टाकायचं नसतंच, फक्त उचलायचं. संध्याकाळी महाराजांनी विचारलं, "दर्शनबारीला कोण कोण?" मला वाटलं सगळे हात वर करतील. रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेली होती. निम्म्याहून अधिक जणांनी मान हलवली. उद्या चंद्रभागेत स्नान, कळसाला हात जोडायचे आणि परवाची गाडी, पेरण्या खोळंबल्यात. गेल्या सव्वीस वाऱ्यांत आक्का सातच वेळा आत गेलेल्या. आत जायचं की नाही, हा माझा प्रश्न साताऱ्यापासून बरोबर होता. इथं तो कुणीच विचारला नाही.

दिवस एकोणिसावा: आषाढी एकादशी

स्नान उरकून आम्ही पहाटेच महाद्वाराकडं निघालो. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी ज्यांना आत येऊ दिलं नाही ते दारातच राहिले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी हे मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून याच गावात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं. गाडगेबाबा दर वारीला इथं यायचे, वाळवंटात झाडायचे, कीर्तन करायचे, आणि दर्शनाला मात्र जायचे नाहीत. हे मी नातीला सांगत होते, ती कान देऊन ऐकत होती.

आक्कांना चोखोबांपुढं डोकं टेकवायचं होतं, मग कळसाला हात जोडायचे होते. डोक्यावर तुळस. नातीच्या दोन्ही हातांत पिशव्या. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, वृंदावन उतरवलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. "धर ग माय जरा."

वाटलं होतं त्याहून जड निघालं. ओली माती, पितळ, मानेवर सगळा भार. दोन्ही हातांनी धरून मी उभी राहिले. आक्का गर्दीत वाकल्या, दिसेनाशा झाल्या, पुन्हा वर आल्या. कळसाकडं पाहत हात जोडले आणि त्यांचे खांदे हलू लागले. तेवढ्यात कुणीतरी माझ्या पायांना हात लावला. खाली पाहता येईना. मग आणखी एक हात, मग एका लहान मुलाचा, मग एका म्हाताऱ्याचं कपाळ. सवयीनं वाकायला गेले तर तुळस कलली, माती कानावर सांडली. वाकता येत नव्हतं. मी ताठ उभी राहिले, दोन्ही हात वर, आणि ते एकामागून एक येत राहिले.